मित्रकीटकांना बांध नसतो



सुरू लागणी उरकून उसाला दीड-दोन महिने झाले, की गट ऑफिसात एकच प्रश्न येऊ लागतो : "साहेब, पोंगे वाळायला लागलेत, औषध कुठलं मारू?" विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. बेणे, खत, मशागत, पाणी यांत पैसा गेलेला असतो, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते आणि डोळ्यांदेखत फुटवा वाळताना पाहून कुणालाही घाई होणारच. औषधाचे नाव सांगणे आम्हाला सोपे आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही, असे आमचे मत झाले आहे, आणि ते सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

मित्रकीटक म्हणजे काय, हे आता आपल्याकडे नव्याने सांगायला नको. ट्रायकोकार्ड बहुतेकांनी हाताळलेले आहे. पण त्याबद्दल बोलणे काढले, की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "आमच्या रानात गुण आला." दुसरा म्हणतो, "कागद बांधून कीड मरतीय व्हय?" दोघेही आपापल्या रानापुरते खरेच बोलत असतात. एकाच गटात, एकाच प्रयोगशाळेच्या कार्डाचे असे दोन निकाल कसे येतात, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. आमच्या मते कार्डात दोष कमी आहे, आपण ते वापरतो त्या रीतीत जास्त आहे. हे काम सहकाराचे आहे आणि आपण ते एकेकट्याने करू पाहतो.

कार्डावर असते काय?

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली माशी, पण आकाराने एक मिलिमीटरहून लहान. ती माणसाला चावत नाही, उसाला इजा करत नाही. तिचे काम एकच. पतंगाची अंडी शोधायची आणि त्यांत आपले अंडे घालायचे. आतले पिल्लू पतंगाचे अंडे पोखरून खाते, अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांत त्यातून किडीच्या अळीऐवजी नवी मित्रमाशी बाहेर येते.

प्रयोगशाळेत ही माशी वाढवण्यासाठी तांदळात होणाऱ्या कॉर्सिरा नावाच्या पतंगाची अंडी वापरतात. पतंग धान्याच्या भरड्यावर पोसायचे, त्यांची अंडी गोळा करून डिंकाने कार्डावर चिकटवायची आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडायची. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी मावतात. हेक्टरी ५० हजार माश्या सोडायच्या, म्हणजे अडीच कार्डे झाली. तीही एकदा सोडून भागत नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा सोडावी लागतात.

आता खोडकिडीकडे पाहू. तिची मादी रात्री पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि थोड्याच दिवसांत कोंभात शिरते. एकदा ती आत गेली, की ट्रायकोग्रामाचे काम संपले आणि फवाऱ्याचेही बरेचसे संपले. म्हणजे पोंगा वाळलेला दिसला, तेव्हा कार्ड लावण्याची वेळ निघून गेलेली असते. गुण येत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कार्ड नेलेले असते ते पोंगे वाळल्यावर.

दुसरी गोष्ट, कार्ड हा जिवंत माल आहे. ते खताच्या पोत्यासारखे पडवीत टाकून ठेवता येत नाही. कुणी ते मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर उन्हात ठेवतो, कुणी फळीवर ठेवून परगावी लग्नाला जातो. परत येईतो माश्या निघून घरातच मेलेल्या असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून सकाळी किंवा ऊन उतरल्यावर रानभर विखरून पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या असतात, कारण एवढीशी माशी फार लांब उडत नाही. सगळे कार्ड एकाच कोपऱ्यात टाचले, तर त्या कोपऱ्यालाच उपयोग.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माशी लांब उडत नाही, पण खोडकिडीचा पतंग बांध ओलांडून येतो. एका सभासदाने वेळेवर कार्डे लावली आणि भोवतालच्या चार रानांत काहीच केले नाही, तर त्या चार रानांतले पतंग याच्या रानात अंडी घालायला येत राहणार. त्यातच शेजाऱ्याने वाऱ्याच्या दिशेने फवारणी केली, तर याची मित्रमाशी त्याच दिवशी संपली. नियम पाळणाऱ्याच्या पदरी काय, तर "कार्डाला गुण नाही" एवढे वाक्य.

लोकरी माव्याने शिकवलेला धडा

हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर २००२ साल आठवावे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखा मावा दिसला आणि बघता बघता तो पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात पसरला. तोवर हा मावा मुख्यतः ईशान्य भारतातल्या उसावर माहीत होता. त्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले घालते, त्यामुळे वाढीचा वेग अफाट. त्याच्या अंगातून पडणाऱ्या चिकट गोड पाण्यावर काजळी धरून खालची पाने काळी पडत. वाढ्यांच्या भाऱ्यांबरोबर तो गावोगाव गेला. त्यातच दुष्काळाची वर्षे आली आणि टनेज व उतारा दोन्ही घसरले.

त्या वेळी पहिला विचार फवारणीचाच झाला. पण आठ-नऊ महिन्यांच्या लोळलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणार कोण, आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचणार कसे? शेवटी कामी आले ते माव्यावर जगणारे कीटक. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या थरातच जाळे विणून राहते आणि मावा खाते. मायक्रोमसची अळीही मावा खाते आणि प्रौढ कीटकही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठे आणि बंगळूरची जैविक नियंत्रणाची केंद्रीय संस्था या कामाला लागल्या. जाळीच्या मांडवात उसावर मावा आणि माव्यावर डिफा वाढवून ती शेतात सोडण्याची पद्धत बसवली गेली. हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्या सोडण्याची शिफारस झाली. आसामातून एन्कार्सिया ही माव्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक माशी आणून इकडे सोडली गेली, आणि ती इथे रुजली.

पुढच्या काही वर्षांत माव्याचा जोर ओसरला. मावा आजही अधूनमधून दिसतो. पण त्याच्या पाठोपाठ डिफा आणि मायक्रोमसही दिसतात आणि तो हाताबाहेर जात नाही. यात सभासदांनी ध्यानात घेण्याची बाब अशी, की डिफा कुणाच्या मालकीची नव्हती. एकाच्या रानातली डिफा असलेली पाने कापून दुसऱ्याच्या रानात लावली गेली, आणि जिथे फवारणी थांबली तिथे ती टिकली. डिफाची अळी दिसायला किडीसारखीच असते. ओळख नसलेला माणूस आधी तिच्यावरच फवारणार. म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

पाकोळीचेही असेच आहे. एपिरिकॅनिया या मित्रकीटकाची अळी पाकोळीच्या अंगाला बाहेरून चिकटून तिला शोषते आणि नंतर पानावर पांढरा कोष करते. हे कोष ज्या पाचटात असतात, त्याला आपण काडी लावतो आणि पुढच्या वर्षी पाकोळी वाढली म्हणून कारखान्याकडे तक्रार करतो. पाचट सरीत दाबले तर जमिनीला खत मिळते, पाणी कमी लागते आणि आच्छादनामुळे खोडकीडही कमी राहते. एका काडीने हे सारे जाते.

औषधे आली आणि गेली

औषध कधीच लागत नाही, असा आमचा दावा नाही. कीड नुकसानीच्या पातळीबाहेर गेली, तर शिफारशीतले औषध योग्य मात्रेत वापरावेच लागते. पण पूर्ण भिस्त औषधावर ठेवणाऱ्यांनी मागचा हिशेब पाहावा. हुमणीसाठी आपल्या वाडवडिलांनी पोतीच्या पोती बीएचसी पावडर जमिनीत घातली. तिच्यावर १९९७ साली बंदी आली. नंतर एंडोसल्फानचा काळ आला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते थांबवले. फोरेटचे दाणे तर उसाच्या सरीत घरच्यासारखे झाले होते. त्यांचा वापरही २०२० च्या अखेरीस बंद झाला. ही तिन्ही औषधे माणसांना, जनावरांना आणि पाण्याला घातक म्हणून गेली. हुमणी मात्र आहे तिथेच आहे.

आता ड्रोन आले आहेत. उंच उसातही वरून फवारणी करता येते. सोय मोठी आहे आणि आम्ही तिच्या विरोधात नाही. पण २००२ साली उसात शिरता येत नव्हते, म्हणून कितीतरी डिफा आपोआप वाचली. आता तो अडसर उरलेला नाही. एका दिवसात सगळ्या शिवारावर विष पडू शकते. ज्याच्या हाती असे साधन आले, त्याने वापराआधी पाने उलटून शत्रू कोण आणि मित्र कोण हे पाहण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

बाहेरून एखादा प्राणी आणला तर?

काही उत्साही सभासद विचारतात, हुमणी फस्त करणारा एखादा प्राणी परदेशातून आणून सोडता येणार नाही का? याचे उत्तर उसाच्याच इतिहासात आहे. जमैका बेटावर उसात उंदीर फार झाले, म्हणून १८७२ साली आपल्याकडून, कलकत्त्याहून, नऊ मुंगसे नेऊन तिथे सोडली. सुरुवातीला उंदीर घटले. पण मुंगूस दिवसा शिकार करते आणि उंदीर रात्री हिंडतो. मुंगसे वाढली आणि तिथले पक्षी, सरडे, कोंबड्या खाऊ लागली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळ्यांचे भुंगेरे, म्हणजे आपल्या हुमणीचे भाऊबंदच, मारायला १९३५ साली हवाईहून मोठे विषारी बेडूक आणले. भुंगेरे वर पानांवर आणि बेडूक खाली जमिनीवर. भुंगेरे राहिले, बेडूक दूरवर पसरत गेले आणि त्यांच्या विषाने तिथले वन्य प्राणी मेले. जे दिसेल ते खाणारा प्राणी मित्र होत नाही.

योग्य रीतीने केले, तर हेच काम कसे साधते, याचे उदाहरण पपईचे आहे. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला. पपईबरोबर तुती, जास्वंद अशी कितीतरी झाडे त्याने पांढरी करून टाकली. २०१० साली प्युएर्तो रिकोहून त्याच्याच अंगात वाढणाऱ्या बारीक माश्या बंगळूरला आणल्या, त्यांच्यापासून रेशमाच्या किड्याला किंवा इतर उपयोगी कीटकांना धोका नाही याची आधी तपासणी केली आणि मग त्या सोडल्या. ढेकूण आटोक्यात आला. दारातल्या जास्वंदीला फायदा झाला तो कुणी जास्वंदीवर फवारले म्हणून नव्हे. परिसरात माशी रुजली म्हणून. बाहेरून काही आणायचे, तर ते संस्थांनी पारखून आणावे. आपले काम आहे ते रुजू देण्याचे.

"सगळे एकत्र येणार कसे?"

यावर सभासदांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. "साहेब, आमच्या बांधावरून दोन भावांचं पटत नाही, अन् तुम्ही सगळ्या शिवाराला एकत्र यायला सांगताय." लागणीच्या तारखा वेगळ्या, कुणाची जमीन खंडाने, कुणाची अर्धेलीने, कुणी पुण्या-मुंबईला. अडचणी खऱ्या आहेत.

पण याच सभासदांनी उपसा योजनेच्या पाण्याच्या पाळ्या बसवल्या आहेत. रात्री दोनची पाळी असेल, तर माणूस कंदील घेऊन गेला, आता बॅटरी घेऊन जातो, पण शेजाऱ्याचे पाणी तोडत नाही. ऊसतोड लागणीच्या तारखेप्रमाणे होते आणि चिटबॉयने नोंद दाखवली, की आपला नंबर येईपर्यंत सभासद थांबतो. या गोष्टी पूर्वी अशक्यच वाटत होत्या. कारखाना उभा राहिला तोच मुळी एकेकट्याचा गूळ व्यापाऱ्याच्या दारात पडून भाव पडतो, हे कळल्यावर. मग किडीच्या बाबतीतच आपण एकेकटे का?

हुमणीने तर हे काम अगदी उघड करून दाखवले आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. एक मादी साधारण साठ अंडी घालते. तेव्हा अंडी घालण्याआधी झाडे हलवून, प्रकाश सापळे लावून भुंगेरे गोळा करून मारले, तर पुढचे सगळे वाचते. पण एका मळ्यातले कडुनिंब हलवले आणि शेजारचे तसेच ठेवले, तर केलेली मेहनत शेजारच्या झाडावरून परत जमिनीत उतरते. शेणखतातून मेटारायझियम बुरशी दिली, तर ती जमिनीत ओल असेतो अळ्यांना रोग लावते. तीही दहा सऱ्यांपुरती देऊन भागत नाही.

आमच्या सूचना

संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे आम्ही पुढील गोष्टी विचारार्थ ठेवत आहोत.

१. ट्रायकोकार्डांचे वाटप यापुढे एकट्या-दुकट्या सभासदाला न करता शिवारवार करावे. ज्या शिवारातले बहुतेक ऊस उत्पादक एकत्र नोंद करतील, त्यांना आधी पुरवठा व्हावा. हे मत काहींना कडक वाटेल. पण विखुरलेली कार्डे देऊन कारखान्याचा, म्हणजे आपलाच, पैसा वाया घालवण्यापेक्षा ते बरे.

२. लागणीच्या नोंदीवरून शेतकी ओव्हरसिअरने प्रत्येक शिवाराची तारीख काढून द्यावी. पोंगा वाळण्याची वाट न पाहता उसाचे वय पाहून पहिले कार्ड लागले पाहिजे. तारखा मागेपुढे असतील, तिथे दोन टप्पे करावेत.

३. कार्ड लावण्याच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस त्या शिवारात कुणीही कीटकनाशक फवारू नये. फवारणी अटळ असेल, तर शेजाऱ्यांना आणि गट ऑफिसला आधी कळवावे.

४. पाचट जाळू नये. पाकोळीचे किंवा माव्याचे मित्रकीटक जिथे दिसतील, ती पाने कापून कीड असलेल्या रानात न्यावीत.

५. वळवानंतरचे भुंगेरे गोळा करण्याचे काम गावाने एका दिवशी ठरवून करावे. शाळेच्या आवारातले आणि स्मशानाजवळचे कडुनिंबही त्यात धरावे. कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या झाडांवर सर्वांत जास्त भुंगेरे सुटतात.

६. फवारण्यापूर्वी पान उलटून पाहावे. ओळखता आले नाही, तर पान पिशवीत घालून गट ऑफिसात आणावे. त्याला पैसे पडत नाहीत.

यातून पहिल्याच वर्षी कीड नाहीशी होईल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. मित्रकीटक पंपासारखे काम करत नाहीत. त्यांना वाढायला वेळ लागतो, आणि तो वेळ शेजारी देतो, कारखाना देऊ शकत नाही. औषधाचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. एकदा रुजलेली डिफा मात्र दरवर्षी बिल पाठवत नाही.

गटवार बैठकांत हा विषय निघेल, तेव्हा सभासदांनी हजर राहून पटले तर तसे, न पटले तर तसे, मोकळेपणी बोलावे. न पटण्याची कारणे आम्हाला जास्त उपयोगी पडतील. बैठकीला येताना मात्र बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन यावे, एवढी विनंती.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी